फौजेची तयारी आणि पाण्याची भीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावर आमचं गाव. बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे थलसेनेच्या इंजिनिअर पलटणीतून, हवालदार म्हणून निवृत्त होऊन परत आलो, तेव्हा पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळणारी पोट्टी पाहून छाती भरून यायची. एक दिवस सहज विचारलं, पोहता कोणाकोणाला येते? निम्म्या पोट्ट्यांनी माना खाली घातल्या. पुढे नदी, मागे मालगुजारी तलाव, धानाच्या दर चार बांध्यांआड बोडी, म्हणजे लहान तळं, आणि ही गत. तेव्हापासून पावसाळा ओसरला की आम्ही बोडीवर सराव घेतो. मी, आणि गावातले एक म्हातारे ढिवर मामा. त्यांचा जन्म डोंग्यात, म्हणजे मासेमारीच्या होडीत गेला. पोट्टे आणि त्यांच्या आया दरवर्षी तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

अग्निवीर भरतीत पोहण्याची चाचणी असते का?

थलसेनेच्या मैदानावर नसते. आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदानात १.६ किलोमीटर धावणं, बीम (दांड्याला लटकून अंग वर ओढणं), ९ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. पोलीस भरतीतही १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. पाण्याचा थेंब कुठे नाही. नौदलाच्या जाहिरातीत खेळ आणि पोहणं येत असल्यास इष्ट, असं लिहिलेलं असतं. इष्ट म्हणजे सक्ती नव्हे. दरवर्षी थोडेफार नियम बदलतात, म्हणून जाहिरात स्वतः वाचा. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका.

गुण मिळत नाहीत म्हणून अकादमीवाले पोहणं शिकवत नाहीत. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. पोरगा ट्रेनिंग सेंटरवर पोचला की त्यांचं काम संपतं.

सेंटरवर शिकवतातच ना? मग आत्तापासून कशाला?

शिकवतात. नौदलात निवडलेली पोरं ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर जातात, तिथे न येणाऱ्यालाही पोहायला शिकवलं जातं. थलसेनेत ते तुम्ही कुठल्या शाखेत जाता त्यावर आहे. सॅपर्सचं तर अर्धं आयुष्य पाण्याशी असतं: बोटी, तराफे, पूल.

पण शिकवणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. मी स्वतः भरती झालो तेव्हा बोडीत म्हशी धुण्यापलीकडे पाण्याशी माझी ओळख नव्हती. पहिल्या दिवशी फळीवर उभा केला. खाली हिरवं पाणी. उस्ताद म्हणाले, "जंप." मी पाहतच राहिलो. दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत, पाठीवर हात ठेवला आणि मी खाली. नाकातोंडात पाणी गेलं, बांबू धरून वर आलो, परत फळीवर. तीन आठवडे रात्री झोपेत त्या फळीवर उभा असायचो. दिवसभर पळापळ, कवायत, शस्त्रांचे क्लास, त्यात ही धास्ती. बाकी सगळ्यात बरा असलेला पोरगा एका पाण्यापायी स्वतःला कमी समजायला लागतो. घरच्या बोडीत, ओळखीच्या माणसांसमोर ही भीती चार रविवारांत जाते.

शिवाय फौजेला पाण्यात जावं लागतं ते नुसतं लढाईत नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं नरखेड तालुक्यातलं मोवाड बुडवलं, दोनशेच्या वर माणसं गेली. ऑगस्ट २०२० च्या शेवटी आपल्याच वैनगंगेनं भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं वेढली, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले होते. अशा वेळी वर्दीतल्या माणसाकडे लोक बघतात. त्याला पोहता येतं का, हे कोणी विचारत नाही. येतच असेल, असं धरून चालतात.

मला विहिरीत पोहता येतं. मग अजून काय शिकायचं राहिलं?

दरवर्षी हा प्रश्न गावातला सगळ्यात चांगला पोहणारा विचारतो, आणि पहिल्या दिवशी सगळ्यात आधी तोच दमतो.

विहिरीतलं पोहणं म्हणजे काय? काठावरून सूर मारायचा, सात-आठ हात सपासप मारायचे, कपार धरायची. सगळं मिळून अर्धा मिनिट. अंगावर चड्डी. पाणी थांबलेलं. दमलं की हाताशी दगड आहेच. यातलं काहीच नदीत नसतं. वर्दी आणि बूट घातलेला माणूस बोटीतून पडला, काठ दोनशे मीटर दूर आहे, बोट उलटी होऊन वाहत चालली आहे, तर त्यानं विहिरीतले हात मारले की दोन मिनिटांत त्याचा दम जातो. हात मारणारे बुडतात आणि पडून राहणारे वाचतात, असं मामा म्हणतात. मला फौजेत हेच शिकवायला कितीतरी तास खर्च झाले होते.

म्हणून आमच्याकडे वेग कोणी मोजत नाही. तीन गोष्टी बघतो. कपड्यांसकट खोल पाण्यात पडल्यावर घाबरत नाही ना. हात-पाय न झाडता दहा मिनिटं राहता येतं ना. आणि मग, सावकाश, ५० मीटर जाता येतं ना.

बाहेरही हीच रीत आहे. अमेरिकेच्या नौदलात प्रत्येक रंगरूटाला उंचावरून खोल पाण्यात उडी, ५० यार्ड पोहणं आणि ५ मिनिटं पालथं तरंगणं करून दाखवावं लागतं, शिवाय अंगातल्या कपड्यात हवा भरून दाखवावी लागते. ५० यार्ड म्हणजे साधारण ४६ मीटर. कसंही पोहा, घड्याळ लावत नाहीत. अमेरिकेसारखं मोठं नौदल पन्नास यार्डावर समाधानी आहे आणि आमची पोट्टी तलाव आडवा कापायच्या पैजा लावतात!

तरंगायचं कसं? मी तर दगडासारखा खाली जातो.

कोणीच दगडासारखा जात नाही. छातीत हवा भरलेली असली की बहुतेक माणसाचं अंग गोड्या पाण्यापेक्षा जरासं हलकं होतं, आणि हवा सोडली की जरासं जड. सगळा खेळ त्या जराशाचा. धावून धावून सडपातळ झालेल्या पोरांचे पाय मात्र खाली जातात, कारण मांड्यांत चरबी नाही, नुसता स्नायू. त्यांना उताणं आडवं पडता येत नाही आणि ते समजतात आपल्याला जमतच नाही. पाय जाऊ द्या खाली. फक्त तोंड वर हवं, पाय नाही.

उताणं तरंगताना चूक एकच होते, डोकं उचलून पायांकडे बघायची. डोकं चार-पाच किलोचं असतं. ते पाण्याबाहेर काढलं की तेवढं वजन बाकीचं अंग खाली दाबतं. कान पाण्यात बुडवा, हनुवटी आभाळाकडे, छाती फुगवलेली, हात डोक्याच्या बाजूला पसरलेले. श्वास आत पटकन, बाहेर सावकाश. कंबर मधे वाकवली की संपलं. खुर्चीत बसल्यासारखे सगळे खाली जातात.

ज्याला तेही जमत नाही त्याला पालथं शिकवतो. लांब श्वास घ्या, तोंड पाण्यात टाका, हात-पाय सैल सोडा. फांदीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे लोंबा. डोक्याचा मागचा भाग पाण्याच्या वर राहतो. श्वास हवासा वाटला की पाण्यातच नाकावाटे सोडा, हात हलकेच खाली दाबा, तोंड वर येतं, श्वास घ्या, परत लोंबा. १९४० च्या सुमारास अमेरिकेत जॉर्जिया टेक या संस्थेत फ्रेड लॅनू नावाच्या प्रशिक्षकानं ही पद्धत बसवली. त्याचं म्हणणं एवढंच की उभ्यानं पाय मारत राहण्यापेक्षा यात ताकद फार कमी लागते. पुढे तिथले कमांडो हात-पाय बांधून हेच करायला लागले. ते व्हिडिओ पाहून घरी हात बांधून बघू नका. गेल्या वर्षी दोघांनी गमछ्यानं मनगटं बांधली होती. मामांनी डोंग्याच्या वल्ह्यानं ढुंगणावर दिलं तेव्हा सोडली.

पालथ्या प्रकारात एक खोट आहे. थंड पाण्यात डोकं बुडून राहिलं की अंगाची ऊब भराभर जाते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता ओढतं. आपल्याकडे कार्तिकातल्या दुपारी ते चालतं, लडाखच्या नदीत नाही.

कपडे आणि बूट घालून पडलो तर ते खाली ओढतात ना? आधी काढून टाकायचे का?

ओढत नाहीत. ओल्या कपड्यातलं पाणी पाण्यात असेपर्यंत वजन देत नाही. पाण्यात पाण्याचं वजन कसलं! उलट पडल्या पडल्या शर्टात हवा अडकलेली असते, ती थोडा वेळ वर धरते. कपड्यांचा त्रास वेगळा आहे. हात-पाय हलवायला जड जातात, आणि काठावर चढताना ते दहा किलोचे वाटतात. म्हणून पडल्यावर पहिलं एक मिनिट काहीही काढायचं नाही. उताणं पडायचं आणि श्वास ताळ्यावर आणायचा. गार पाण्यात अचानक पडलं की छाती आपोआप हापते, त्या हापण्यात पाणी आत जातं. पहिलं मिनिट फक्त त्यासाठी.

मग काय टाकायचं ते ठरवा. आधी पाठीवरचं ओझं. मग जड बूट, तेही लांब जायचं असेल आणि नाड्या सुटत असतील तरच. शर्ट राहू द्या.

पँटचा फुगा होतो हे खरं आहे का?

खरं आहे, आणि पोट्ट्यांना सगळ्यात आवडतं ते हेच. बूट काढा, श्वास भरून वाका, पँट उतरवा. चेन लावा. दोन्ही पायांची टोकं एकत्र घट्ट गाठीनं बांधा.  मग कंबरपट्ट्याची दोन टोकं धरून डोक्यावरून पुढे पाण्यावर आपटा, हवा आत शिरते. नाही जमलं तर पाण्याखालून तोंडानं फुंका. हवा भरली की गाठ मानेच्या मागे घ्या, कमरेचा भाग तोंडासमोर, आणि कंबरेचं तोंड पाण्याखाली मुठीत दाबून ठेवा. ओलं, घट्ट विणीचं सुती कापड हवा बरीच धरून ठेवतं, मधून मधून पाणी उडवून ओलं ठेवावं लागतं आणि काही मिनिटांनी परत भरावं लागतं. भरतीची जाळीवाली ट्रॅक पँट यात कामाची नाही. वडिलांची जुनी खाकी पँट आणा.

सरावात पहिले चार-पाच प्रयत्न फसतातच. छातीभर पाण्यात उभं राहून शिका, मग खोलात.

आपल्या बापजाद्यांचा उपाय यापेक्षा सोपा होता: वाळलेला भोपळा कंबरेला. आता तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन. बूच घट्ट असेल तर ती सुमारे पाच किलो वजन उचलून धरते, आणि पाण्यात माणूस तेवढाही जड नसतो. अशा दोन कॅन काखेत असल्या की घाबरलेला माणूसही तरंगतो. पुराच्या दिवसांत घरातल्या कॅन भंगारवाल्याला देऊ नका.

वाहत्या पाण्यात पडलो तर?

उताणे व्हा, पाय पुढे, वाहत्या दिशेला. खडक आला तर पायांवर घ्या, डोक्यावर नाही. उभं राहायचा प्रयत्न करू नका. दगडांच्या फटीत पाय अडकला की पाणी पाठीवरून रेटतं आणि तोंड खाली जातं. धारेच्या उलट पोहून कोणी जिंकलेलं नाही. धारेबरोबर वाहत वाहत, तिरकं, जवळच्या काठाकडे सरकायचं. पडला तिथेच बाहेर निघायचा हट्ट सोडायचा. एक किलोमीटर खाली निघालात तरी घरी चालत येता येतं.

पाण्यात पडलेलं झाड दिसलं तर त्यापासून दूर व्हा. आधार वाटतो, पण पाणी फांद्यांतून आरपार जातं आणि माणूस तिथेच अडकतो.

आपल्या नदीचा आणखी एक धोका माणसांनीच केला आहे. रेती उपसून उपसून तळाशी खड्डे पडलेत. घोट्याएवढ्या पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जातं. मामा चाळीस वर्षं ज्या घाटावरून डोळे मिटून उतरायचे, तिथे आता काठीनं तळ चाचपत जातात.

रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी जात असेल तर थांबा. गुडघाभर जोरदार पाणी धडधाकट गड्याला पाडतं. धरणाचा भोंगा वाजला की पात्रातून निघायचं, गुरं राहिली तरी.

सराव कुठे करावा? शेततळं चालेल का?

शेततळं अजिबात नाही. प्लास्टिकचा अस्तर कागद ओला झाला की त्यावरून हत्तीही चढू शकणार नाही. पट्टीचे पोहणारे त्यात दमून गेले आहेत, काठ हाताशी असताना. तुमच्या वावरात शेततळं असेल तर आजच चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा.

विहिरीत मोटार असेल तर नाही. मुख्य स्विच बंद, फ्यूज काढून खिशात, मगच. आणि फार दिवस वापरात नसलेल्या जुन्या विहिरीत उतरायचंच नाही, तळाशी हवा खराब असते.

उत्तम जागा म्हणजे उतरता काठ असलेली बोडी किंवा तलाव. पण तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं असतो, त्यांना विचारल्याशिवाय उतरू नका. जाळी कुठे लावली हे त्यांनाच माहीत असतं. शिंगाड्याचे वेल, शेवाळ, काठची बेशरमाची झुडपं, यात पाय गुंततो. गुंतला तर झटके देऊ नका, थांबून हातानं सोडवा. आम्ही सराव ऑक्टोबर ते डिसेंबर ठेवतो. जुलैत रोवणी असते आणि पाणी गढूळ, उन्हाळ्यात बोडीत चिखलच उरतो. वेळ सकाळी अकराची, ऊन चढल्यावर. मधे धान कापणीचे पंधरा दिवस सुट्टी, कारण तेव्हा कोणी येतच नाही.

पाण्याखाली श्वास जास्त वेळ रोखायचा सराव करू का?

नाही. आणि पैज लावून तर कधीच नाही. पोट्टे आधी भराभर श्वास घेऊन मग डुबकी मारतात. त्यानं प्राणवायू वाढत नाही, फक्त श्वासाची हाक उशिरा येते. हाक येण्याआधीच शुद्ध जाते. वरून बघणाऱ्याला वाटतं अजून टिकला आहे, काय दम आहे पोराचा.

पोहल्यानं कान खराब होऊन मेडिकलला बाद होईन का?

भीती खोटी नाही. मेडिकलमध्ये कानाचा पडदा बघतात, वाहणारा कान चालत नाही. गुरं धुतलेल्या पाण्यात उतरू नका, बाहेर आल्यावर मान तिरकी करून पाणी काढा, काडी-पिन घालू नका. कान दुखत असेल तर त्या रविवारी काठावर बसा. मेडिकलच्या आधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, तो घरी कोरू नका.

मुलींना येऊ देता का?

देतो. नौदलाची अग्निवीरांची पहिली तुकडी २८ मार्च २०२३ ला चिल्कावरून बाहेर पडली, त्यात २७० च्या वर मुली होत्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी एक आली, ती पण भावासोबत. आता सात-आठ येतात. त्यांची वेळ वेगळी ठेवली आहे आणि काठावर गावातली एक बाई असतेच. ओढणी आणि साडी नको, टी-शर्ट आणि सलवार किंवा लेगिंग चालते. तरंगायला मुली पोरांपेक्षा लवकर शिकतात. एक तर अंग हलकं, दुसरं म्हणजे सांगितलेलं ऐकतात.

समोर कोणी बुडत असेल तर उडी मारू का?

आधी ओळखा. हात हलवून "वाचवा" ओरडणारा अजून बुडत नाही, घाबरला आहे. खरा बुडणारा गप्प असतो. तोंड पाण्याच्या रेषेला वर-खाली, हात बाजूंना पाणी दाबत असलेले, शिडी चढल्यासारखे. ओरडायला श्वासच नसतो. म्हणून दहा हातांवर मुलं खेळत असताना एक जण जातो आणि कोणाला कळत नाही.

उडी शेवटी. आधी दोर, बांबू, साडी, गमछ्यांची गाठ, कॅन, ट्यूब, जे हाताशी येईल ते फेका. काठावर पालथे पडून धरा, उभ्यानं नाही, नाहीतर तो तुम्हालाच ओढतो. एकामागून एक तीन भाऊ गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या याच उडीपायी. पाण्यात जावंच लागलं तर कॅन पुढे धरून जा, आणि ती त्याच्या हातात द्या, स्वतःचा हात नाही. गळ्याला मिठी पडलीच तर खाली डुबकी मारा. तो वर राहायला बघतो, सोडून देतो.

बाहेर काढल्यावर पोटातलं पाणी काढायचं का?

नाही. पोट दाबू नका, उलटं टांगून फिरवू नका, मडक्यावर पालथं घालू नका. मिठात झाकून ठेवलं की माणूस जिवंत होतो, हा मेसेज दर पावसाळ्यात येतो. तो खोटा आहे आणि त्यात जाणारा वेळ जीव घेतो.

श्वास नसेल तर उताणं ठेवा, हनुवटी वर उचला, नाक दाबा, तोंडानं श्वास द्या. बुडालेल्याला आधी हवा हवी असते, म्हणून सुरुवात श्वासानं. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, परत ३० दाब. दाब मिनिटाला १०० ते १२०, सुमारे पाच सेंटिमीटर खोल. दुसऱ्यानं तोवर १०८ लावायचा. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि परत सुरू. माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

फी किती, आणि काय काय आणायचं?

फी नाही. वय सोळाच्या वर, आणि घरच्या मोठ्या माणसानं एकदा काठावर येऊन मला भेटून जायचं. मिरगी किंवा दम्याचा त्रास असेल तर लपवू नका. जुनी सुती पँट, फुल बाह्यांचा शर्ट, टाकायला आलेले बूट, कोरडे कपडे, गमछा, बूच असलेली पाच लिटरची कॅन. येताना पोट भरून जेवून येऊ नका, मामा लगेच ओळखतात आणि परत पाठवतात. बोडीच्या पाळीवर पळसाखाली सायकली लावा. पाण्यात कोण उतरलं आणि कोण बाहेर आलं याची वही तिथेच असते. उतरताना सही, निघताना सही. निघतानाची सही राहिली तर आम्ही आधी पाण्यात शोधतो, मग तुमच्या घरी येतो.